एकाच ताग्यातली लेकरं

समोरचा माणूस बोलत असला की आमच्या शेजारचे काका आधी त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरायचे. कापड अंगठ्याखाली किंचित चोळायचे, सोडून द्यायचे आणि मगच त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचे. एकदा एक बडे साहेब दुकानात आले, तेव्हाही त्यांनी हेच केलं. साहेब गेल्यावर निकाल दिला, "साहेब चांगले हायेत. कापडात फसले."

दुसरी सवय म्हणजे एक वाक्य. "भेवाचं काम नाई." दिवसातून किती वेळा ते यायचं याचा हिशेब नाही. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. जे स्वतःला ऐकवायचं असतं ते ही माणसं जगाला ऐकवत फिरतात. काका मांजराला भ्यायचे. लिफ्टला भ्यायचे. मोर्णा नदीच्या पुलावरून जाताना कठड्याच्या बाजूने कधी चालायचे नाहीत. सरकारी पाकीट आलं की ते सुनेला उघडायला सांगायचे आणि स्वतः मोरीत तोंड धुवायला जायचे. पण गल्लीतल्या प्रत्येक उत्सव समितीचे ते अध्यक्ष होते. गळ्यात हार पडला की त्यांची भीती तेवढा वेळ हाराखाली झाकली जायची.

आम्ही मूळचे अमरावतीचे. माझी नोकरी अकोल्याच्या एका कॉलेजात लागली आणि जुन्या शहरात काकांच्या भिंतीला भिंत लागून घर मिळालं. त्यांचं कापडाचं दुकान खाली, बिऱ्हाड वर. दोन मुलगे, दोन सुना आणि जिन्यावरून सतत चढणारी-उतरणारी नातवंडं. ही सगळी पोरं त्यांना आबाजी म्हणायची. आमची मिनू बोलायला लागली तेव्हा तिने 'बाबा'च्या आधी 'आबाजी' म्हटलं. मी ते मनाला लावून घेतलं नाही, असं बायकोला सांगितलं.

दर उन्हाळ्यात काका घरच्या पोरांची सहल काढत. सहलीच्या आधी दुकानातला एक तागा निवडला जायचा आणि त्या एकाच ताग्यातून सगळ्या पोरांचे सदरे आणि फ्रॉक शिवले जायचे. गल्लीतला शिंपी पाठोपाठ मापं घ्यायचा. मी एकदा विचारलं, "काका, बँड पथक काढायचं आहे का?"

"हसा, सर," ते म्हणाले. "गर्दीत चेहरा दिसत नाई. कापड दिसते. पोट्टं हरपलं तं शंभर लोकाईत आपलं कापड चमकते."

त्या वर्षीचं कापड पिवळ्या जमिनीवर लाल पोपटांचं होतं. इतका लाल पोपट निसर्गाने केलेला नाही. मिनू तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिलाही पोपटांचा फ्रॉक आला आणि आम्हालाही बसमध्ये जागा. ठरलं अमरावतीच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी असलेलं छोटं प्राणिसंग्रहालय.

सहलीला उद्घाटन असतं, हे मला त्या सकाळी कळलं. मिनीबसपुढे नारळ फुटला. ड्रायव्हरला हार घातला. काकांनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून, वन्यप्राणी हे आपलं वैभव आहे, असं भाषण केलं. शेजारच्या छपरावरून एक मांजर ते ऐकत होतं आणि काका अधूनमधून तिकडे बघत होते.

प्राणिसंग्रहालयात त्यांनी पोरांना प्राणी दाखवले, पण आपल्या पद्धतीने. हरणांजवळ जाऊ दिलं. माकडांपासून लांब ठेवलं. मगरीच्या तळ्याच्या कठड्याला कोणी हात लावायचा नाही, असं सांगून ते स्वतः रस्त्याच्या दुसऱ्या कडेला उभे राहिले. बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी तर त्यांनी सगळ्यांना इतक्या दूर थांबवलं की नातू रडकुंडीला आला.

"आबाजी, काहीच दिसत नाई!"

"शेपूट दिसली ना? तेच मेन असते."

तेवढ्यात बिबट्या खोकला. डरकाळी वगैरे काही नाही, म्हाताऱ्या माणसासारखा कोरडा खोकला. पण तो पोटात ऐकू आला. काकांनी मिनूला उचलून छातीशी धरलं. "भेवाचं काम नाई," ते म्हणाले. मिनू मुळीच घाबरलेली नव्हती. ती त्यांच्या कानातले केस बघत होती.

दुपारी आम्ही वडाखाली सतरंज्या टाकल्या. शेजारीच दुसरं एक कुटुंब जेवत होतं. काकांची नजर तिकडे गेली आणि भाकरीचा घास हातातच राहिला. त्या कुटुंबातल्या तीन पोरींच्या अंगात लाल पोपट होते.

ते उठले. सरळ जाऊन एका पोरीचा फ्रॉक चिमटीत धरला. पोरीची आजी दचकली.

"आपलंच कापड!" काका म्हणाले. "कुठून घेतलं, बाई?"

"धामनगावून. आमी धामनगाव रेल्वेचेच. काहून, काई खराबी हाय का?"

"खराबी? अवो, हा तागा माह्या दुकानातून गेला तिकडं! तुमच्या दुकानदाराले मीच देतो माल!"

मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर इतकं आनंदात कधी पाहिलं नाही. अकोल्याचं कापड धामणगावच्या लेकराच्या अंगावर, आणि तेही बिबट्याच्या साक्षीने. सतरंज्या जोडल्या गेल्या. त्यांच्याकडचं आंब्याचं लोणचं इकडे आलं, आमच्या पुऱ्या तिकडे गेल्या. आजी काकांपेक्षा जास्त बोलणारी निघाली आणि काकांना ते चाललं. जेवण झाल्यावर लहान पोरं एकमेकांच्या अंगावर हातपाय टाकून झोपली. सगळे पोपट एका सतरंजीवर. काका त्यांच्याकडे बघत पान खात होते. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून तेवढीच एक दुपार अशी होती की ते कशाला भीत नव्हते.

मग दिवस कलायला लागला आणि वावधान आलं.

वऱ्हाडातलं उन्हाळी वादळ ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. आधी आभाळ मातकट झालं. मग वारा पडला आणि वडाचं एक पानही हलेना. माकडं एकदम गप्प झाली. ती गप्प झाल्यावर मला कळलं की सकाळपासून ती ओरडत होती. आणि मग धुळीची एक भिंत टेकडीवरून खाली आली. डोळे उघडता येईनात. कुठेतरी पत्रा फाटल्याचा आवाज झाला, पाठोपाठ फांदी मोडल्याचा.

"पोपट उचला!" काका ओरडत होते. "आधी पोपट उचला!"

ज्याच्या हाताला जो पोपट लागला तो त्याने उचलला. धूळ जाऊ नये म्हणून पोरांच्या तोंडावर पदर, टॉवेल, सतरंजीची टोकं. आम्ही वाकून धावत होतो. मिनू धाकट्या सुनेच्या खांद्यावर दिसली, म्हणजे पोपट दिसले, डोक्यावर टॉवेल. मी दोन मोठ्या पोरांचे हात धरले आणि फाटकाबाहेर बसमध्ये चढलो. काचा लावल्या. वरून थेंब ताशासारखे वाजायला लागले. बाहेर धामणगाववाल्यांची जीप आणि इतर गाड्या निघून गेल्या. काकांनी बसमधल्या पिवळ्या-लाल गर्दीकडे पाहून मान हलवली. सगळे होते.

पाऊस जसा आला तसा थांबला. धाकट्या सुनेने मांडीवरच्या पोरीच्या तोंडावरचा टॉवेल काढला. पोरगी जागी झाली, सुनेकडे बघितलं, माझ्या बायकोकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "मी तुमची नाई."

पुढचे काही क्षण मला सलग आठवत नाहीत. बायकोने प्रत्येक सीट बघितली, मग सीटखाली बघितलं. मग तिने तीच सीट पुन्हा बघितली. मला आठवतं ते एवढंच की मी त्या परक्या पोरीचा चेहरा पुन्हा पुन्हा बघत होतो. नीट बघितलं तर तो मिनूचा होईल, असं काहीतरी मला वाटत असावं.

मिनू जीपमध्ये गेली असेल, हे कोणीतरी म्हणालं. धामणगाववाल्यांची पोरगी आपल्याकडे आहे, म्हणजे आपली त्यांच्याकडे. हिशेब बरोबर होता. पण दुसराही हिशेब बरोबर होता. ही पोरगी चुकून आपल्याकडे आली असेल आणि मिनू झोपेतून उठून, धुळीत, कुठेतरी चालत गेली असेल. आत. मगरीच्या तळ्याचा कठडा तिच्या कमरेएवढाही नव्हता.

फोनला रेंज नव्हती. असती तरी कोणाला लावणार? दुपारभर गप्पा झाल्या, लोणच्याची कृती विचारून झाली, पण त्यांचं नाव कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही फाटकाकडे धावलो. वॉचमन लोखंडी फाटक ओढत होता. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता.

"आत जायचं नाही साहेब. बिबट्याच्या पिंजऱ्यावर झाड पडलंय. जाळी शाबूत आहे की नाही माहीत नाही. मोठे साहेब येतील, तोवर फाटक बंद."

"माझी मुलगी आत आहे," मी म्हणालो.

"आहे का?" त्याने विचारलं.



काकांचा मोठा मुलगा आणि मी वॉचमनच्या बगलेखालून आत शिरलो. मागून तो ओरडला, मग शिव्या देत टॉर्च घेऊन तोही आला. दिवस पुरता मावळला नव्हता, पण झाडांखाली अंधार साचला होता. आम्ही मिनूला हाका मारत होतो, आणि हाक मारताना एक भीती अशीही होती की ती हाक ऐकून आणखी कोणी येईल. म्हणून मी मोठ्याने ओरडायचो आणि लगेच आवाज खाली आणायचो. एक बाप आपल्या मुलीला कुजबुजत हाका मारत फिरतोय, हे दृश्य आज मला हास्यास्पद वाटू शकलं असतं. अजून वाटलेलं नाही.

वडाखाली सतरंजी चिखलात रुतली होती. तिच्यावर कोणी नव्हतं. तळ्याच्या कठड्यावरून टॉर्च टाकला. पाण्यावर पानंच पानं. काहीतरी हललं आणि पुन्हा पानं एक झाली. बिबट्याच्या पिंजऱ्यावर कडुलिंबाचं झाड आडवं पडलं होतं. जाळी वाकली होती. फाटली होती की नाही ते फांद्यांमुळे दिसेना. वॉचमनने टॉर्च आत मारला. पिंजरा रिकामा दिसला. तो म्हणाला, "मागच्या खोलीत असेल." मग थोडं थांबून म्हणाला, "असावा." मी त्याच्या हातून टॉर्च घेतला आणि पुन्हा आत मारला.

आम्ही परत फाटकापाशी आलो तेव्हा पाहिलं, फाटक उघडंच होतं. दुसरा एक पहारेकरी ते लावायला आला होता, पण ते लागत नव्हतं. फाटक ज्या रुळावरून सरकतं त्या रुळावर, मधोमध, काका मांडी घालून बसले होते. पांढऱ्या धोतराला चिखल. मांडीवर ती धामणगावची पोरगी. ती हंबरून रडत होती आणि काका तिला थोपटत होते. 

"उठा ना आजोबा," पहारेकरी विनवत होता. "फाटक लावू द्या."

"लावाचं नाई. पोट्टी आत असली तं बाहेर कशी येईन?"

"अहो, आणि तो बाहेर आला तर?"

"आला तं मी आहो ना इथी मधात." काकांचे दात वाजत होते. "आधी मले खाईन. तवरिक तुमी लावा फाटक."

"मग ही पोरगी तरी बसमध्ये द्या!"

काकांनी मांडीवर पाहिलं, जणू ती तिथे आहे हे त्यांना आत्ताच कळलं. त्यांनी तिला माझ्या बायकोकडे दिलं. आणि पुन्हा पाठ ताठ करून बसले. आतल्या झाडांकडे तोंड करून. या माणसाने सकाळी शेपटीवर सहल भागवली होती.

मी म्हणालो, "काका, मी धामणगावच्या रस्त्याने निघतो. रिक्षा मिळेल."

त्यांनी माझा हात धरला. कापड नाही, मनगट. "नाई, सर. त्याइले कळलं तं ते इथीच येतीन. तुमी निघाल अन् रस्त्यात एकमेकाईले पार कराल. बसा."

"आणि ती त्यांच्याकडे नसली तर?"

 "भेवाचं काम नाई" हे त्यांनी तेव्हा म्हटलं नाही. मी त्या वाक्याची वाट बघत होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

मी त्यांच्या शेजारी रुळावर बसलो. आत कुठेतरी फांदी करकरली. दोघेही दचकलो. पुन्हा सगळं शांत झालं. आम्ही दोघं एकाच अंधाराकडे बघत होतो. एक डोळा मिनू दिसावी म्हणून आणि दुसरा तो दिसू नये म्हणून.

आधी हॉर्न ऐकू आला. मग वळणावरून दिवे. जीप चिखल उडवत थांबली आणि आजी खाली उतरली. तिच्या खांद्यावर मिनू होती. गाढ झोपलेली.

"चांदूरच्या अलीकडं जागी झाली अन् मले म्हनते, तू कोन?" आजी धापा टाकत म्हणाली. "तशीच जीप वळवाले लावली म्या. घ्या बाप्पा तुमची, अन् आमची द्या. आमची रडकी हाय, पन सवयीची हाय." आणि एवढं विनोदाचं बोलून ती रस्त्यातच बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

बायकोने मिनूला घेतलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. काकांना उठता येत नव्हतं. पाय आखडले होते. दोन मुलांनी त्यांना काखेत धरून उभं केलं. ते लंगडत मिनूजवळ आले. फ्रॉककडे त्यांनी पाहिलंही नाही. तिचा चिखल लागलेला एक पाय दोन्ही हातांत धरला आणि तसेच उभे राहिले.

बिबट्या मागच्या खोलीतच होता, जाळीही फाटली नव्हती, असं नंतर समजलं. काकांना मी ते सांगितलं. "असंन," ते म्हणाले. विषय त्यांच्या दृष्टीने बिबट्याचा नव्हता.

त्यानंतर सहली बंद झाल्या. गल्लीच्या समित्यांतूनही त्यांनी हळूहळू अंग काढलं. हार घालायला कोणी आलं तर म्हणायचे, "दुसऱ्याले घाला." मात्र रोज दिवेलागणीला ते जिना उतरून आमच्या दारासमोर यायचे. आत यायचे नाहीत. गल्लीतूनच आवाज द्यायचे.

"पोट्टी घरात हाय ना?"

मी किंवा बायकोने 'हो' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. ते उभेच राहायचे. मग मिनू आतून ओरडायची, "हाव आबाजी, घरातच आहो!" तेव्हा कुठे चपला वळायच्या.

मी एकदा म्हटलं, "आत येऊन बघून तरी जात जा."

"पाहून फसलो ना, सर," ते म्हणाले. "आवाज आयकला म्हंजे झालं."

मिनू मोठी झाली तशी या प्रकाराला वैतागली. दहावीत असताना एका संध्याकाळी तिने मुद्दाम उत्तर दिलं नाही. काकांनी दुसरी हाक मारली नाही. पाच-दहा मिनिटांनी तिने खिडकीतून पाहिलं तर ते तिथेच उभे होते, भिंतीला हात टेकून, आणि त्यांच्या धोतराचा सोगा हलत होता. वारा नव्हता. ती घाईघाईने ओरडली. त्यानंतर तिने कधी टाळलं नाही. मैत्रिणी घरी असल्या तरी त्यांच्यादेखत, अस्सल वऱ्हाडीत, ती उत्तर द्यायची.

मग ती शिकायला पुण्याला गेली. काकांना आम्ही ते सांगितलं होतं, पण दिवेलागणीची हाक थांबली नाही. मिनू त्या वेळेला फोन करायची आणि मी फोन खिडकीत धरायचो. मागच्या हिवाळ्यात काकांना झटका आला. त्यातून ते उठलेच नाहीत. संक्रांतीनंतर गेले.

जाण्याच्या थोडं आधी मिनू सुटीत आली होती. आम्ही तिला घेऊन वर गेलो. काका खिडकीजवळच्या पलंगावर पडून होते. बोलणं अडखळत होतं. मिनू उंच झाली होती, केस कापले होते. ती त्यांच्यापुढे वाकली. "आबाजी, मी आले."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या मागे पाहिलं. मग माझ्याकडे. डोळ्यांत तीच भीती, त्या फाटकातली, तशीच्या तशी. "सर," ते म्हणाले, "पोट्टी? पोट्टी कुठी हाय?"

"ही काय काका, तुमच्यासमोर."

त्यांनी मान हलवली. समोर एक मोठी बाई उभी होती. त्यांना ती नको होती. एक हात पांघरुणावर काहीतरी चाचपायला लागला. मोठी सून म्हणाली, "दिवसभर हेच चालते. कोणी सांगतलं तरी आयकत नाईत."

मिनूने माझ्याकडे पाहिलं. ती उठली, पलंगामागच्या आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आणि मग आतून, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ओरडली.

"हाव आबाजी! घरातच आहो!"

पांघरुणावरचा हात थांबला. चेहऱ्यावरची एकेक रेघ उतरत गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आम्ही आणखी बराच वेळ बसलो. सुनेने चहा केला. काका मध्येच डोळे उघडून आतल्या दाराकडे बघायचे आणि पुन्हा मिटायचे. मिनूचा चहा बाहेरच गार झाला. आम्ही निघालो तेव्हा तीही निघाली, पण त्यांच्यासमोरून नाही. मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन.